साथनियंत्रणासाठी गणिती मॉडेलला नेमके काय विचारावे?

ठाण्यातील एका नागरी आरोग्य केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोविडच्या काळात गणिती मॉडेलांनी (साथ कशी पसरेल याचा समीकरणांतून हिशेब मांडणाऱ्या पद्धतींनी) सांगितलेले साथीचे शिखर बहुतेक वेळा ना सांगितलेल्या तारखेला आले, ना सांगितलेल्या उंचीचे निघाले. मग डेंग्यू, हिवताप आणि गोवर यांच्या नियंत्रणासाठी महापालिकेच्या पातळीवर अशा मॉडेलांचा काही उपयोग आहे का, आणि असल्यास सुरुवात कुठून करावी?

उपयोग आहे आणि तो मोठा आहे, पण शिखराची तारीख सांगण्यासाठी नव्हे. हाताशी असलेले कर्मचारी, औषधे आणि दिवस मोजकेच असताना दोन उपायांपैकी कोणता आधी करावा, किती करावा आणि कुठे करावा, हे ठरवताना मॉडेलची मदत घ्यावी. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत साथरोगांचे काम अनेक वर्षे केल्यानंतर माझे हे मत पक्के झाले आहे. त्याची कारणे जरा विस्ताराने मांडते.

या शास्त्राची सुरुवातच अशा एका व्यवहारी अडचणीतून झाली. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. त्यानंतर त्यांनी डासनियंत्रणाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्यासमोर एक आक्षेप वारंवार येत राहिला: एखाद्या प्रदेशातील सगळे डास मारणे अशक्यच असेल, तर थोडे डास मारून काय साधणार? रॉस यांनी या आक्षेपाला समीकरणांतून उत्तर दिले. डासांची संख्या शून्यावर आणण्याची गरज नाही. माणसांच्या तुलनेत डासांचे प्रमाण एका ठरावीक मर्यादेखाली गेले, की एका रुग्णापासून सरासरी एकाहून कमी नवे रुग्ण होतात आणि आजार हळूहळू ओसरतो. हीच मर्यादेची कल्पना आज आपण मूलभूत पुनरुत्पादन संख्या, म्हणजे एका रुग्णापासून सरासरी होणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या, या रूपात वापरतो. या मांडणीतून साथ अमुक महिन्यात संपेल असे भाकीत निघत नव्हते. अपुरे वाटणारे काम कोणत्या मर्यादेपर्यंत नेले की पुरेसे ठरते, हे मात्र त्यातून कळत होते.

पुढे हिवतापाचे ब्रिटिश अभ्यासक जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात त्याच समीकरणाला आणखी एक प्रश्न विचारला: डासांची संख्या, त्यांचे चावणे आणि त्यांचे आयुष्य यांपैकी कोणत्या घटकावर घाव घातला तर प्रसार सर्वाधिक घटतो? आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. डासांची संख्या निम्मी केली तर प्रसाराची क्षमता निम्मी होते. माणसाला चावण्याचे प्रमाण निम्मे केले तर ती चौथाईवर येते, कारण परजीवी घेण्यासाठी एकदा आणि देण्यासाठी पुन्हा एकदा असे दोन चावे लागतात. आता डासाचे आयुष्य पाहा. परजीवी डासाच्या शरीरात पक्व व्हायला दहा दिवस लागतात आणि डास रोज जगून राहण्याची शक्यता ९० टक्के आहे असे धरले, तर दहा दिवस तगणारे डास सुमारे ३५ टक्के निघतात आणि त्यानंतर ते सरासरी साडेनऊ दिवस संसर्ग पसरवू शकतात. रोज जगण्याची शक्यता ९० वरून ८० टक्क्यांवर आली, तर दहा दिवस तगणारे डास ११ टक्क्यांच्या आसपास उरतात आणि पुढचे आयुष्य साडेचार दिवसांवर येते. दोन्ही परिणामांचा गुणाकार केला की प्रसाराची क्षमता जवळजवळ सातपटीने घटलेली दिसते. वयात आलेल्या डासावर परिणाम करणारी घरांतर्गत फवारणी ग्रामीण भागात इतकी प्रभावी का ठरली, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

परंतु हे सूत्र तसेच्या तसे उचलून ठाण्यात लावले तर निष्कर्ष चुकेल, आणि नवीन अधिकाऱ्यांनी हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा असे मला वाटते. आपल्याकडे शहरी हिवतापाचा मुख्य वाहक ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा डास आहे. तो गच्चीवरच्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामाच्या जागी साचलेल्या पाण्यात वाढतो. ही ठिकाणे मोजता येतात, नकाशावर दाखवता येतात आणि पुन्हा पुन्हा तपासता येतात. म्हणूनच १९७१ मध्ये सुरू झालेल्या शहरी हिवताप योजनेचा भर अळीनियंत्रणावर राहिला. समीकरणात एखादा घटक कितीही प्रभावी दिसला, तरी तो आपल्या माणसांच्या हाताने प्रत्यक्षात किती हलवता येतो, हा दुसरा आकडा त्याच्याशेजारी लिहावाच लागतो. घटकाचा प्रभाव आणि तो हलवण्याची आपली क्षमता या दोहोंचा गुणाकार करूनच निर्णय व्हायला हवा. प्रत्यक्षात मात्र मॉडेल करणाऱ्यांच्या हाती पहिला आकडा असतो आणि दुसरा आकडा क्षेत्रीय कर्मचाऱ्यांजवळ राहून जातो.

याचे एक उदाहरण देते. मॉडेलमध्ये अळीनाशक फवारणीची व्याप्ती म्हणून एक टक्केवारी भरावी लागते. कार्यालयात बसून ती भरली तर ८० किंवा ९० टक्के लिहिली जाते. कोपरखैरणे किंवा लोकमान्य नगर भागात रोज फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारले तर तो सांगतो की गच्चीचे कुलूप उघडणारा माणूस सकाळी भेटत नाही, सोसायटीचा सचिव नोकरीवर गेलेला असतो आणि टाकीचे झाकण उघडायला रखवालदार तयार नसतो. त्यातून खरी व्याप्ती निम्म्याच्या आसपास निघाली, तर मॉडेलचा सल्लाच बदलतो. अधिक औषध खरेदी करण्यापेक्षा रविवारी सकाळी सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आधी कळवून गच्च्या उघडून घेणे अधिक फलदायी ठरते. अशा वेळी मॉडेलने निर्णय दिला असे म्हणणे बरोबर नाही. कोणती माहिती कमी पडते आहे हे त्याने दाखवून दिले आणि ती माहिती मिळाल्यावर निर्णय सोपा झाला.

हिवतापाबाबत आणखी एक घटक मॉडेलमध्ये घालणे आवश्यक आहे. व्हायवॅक्स हिवतापाचा परजीवी यकृतात सुप्त राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्याला रोखण्यासाठी प्रायमाक्विन या औषधाचा १४ दिवसांचा समूळ उपचार द्यावा लागतो. घोडबंदर रस्त्यालगतच्या किंवा नवी मुंबईतील मोठ्या बांधकामांवरचे मजूर ताप उतरला की कामावर जातात आणि कंत्राट संपले की दुसऱ्या जागी निघून जातात. अपूर्ण राहिलेल्या प्रत्येक उपचारातून, एकही नवा डास न चावता, पुढच्या काळात एक नवा रुग्ण उभा राहू शकतो. साध्या मॉडेलमध्ये हा घटक नसेल तर सगळे रुग्ण डासांच्या खात्यावर जमा होतात आणि अळीनियंत्रण अपयशी ठरल्यासारखे दिसते. तो घातला की उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण वाढवण्यासाठी एक आरोग्यसेविका नेमणे आणि फवारणीचे एक पथक वाढवणे, या दोन पर्यायांची तुलना शक्य होते. अशा तुलना मांडणाऱ्या मॉडेलचा वैद्यकीय अधिकाऱ्याला खरा उपयोग होतो.

डेंग्यूच्या बाबतीत मी सर्वाधिक भर काळाच्या हिशेबावर देईन. ताप येण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून ताप उतरेपर्यंत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो आणि या काळात चावलेला एडिस डास सुमारे ८ ते १२ दिवसांनी इतरांना संसर्ग देऊ लागतो. समजा, तापाच्या तिसऱ्या दिवशी रुग्ण खासगी दवाखान्यात गेला, पाचव्या दिवशी तपासणीचा अहवाल आला, सातव्या दिवशी तो महापालिकेकडे पोहोचला, नवव्या दिवशी संबंधित आरोग्य केंद्राच्या यादीत आला आणि अकराव्या दिवशी पथक घरी गेले. तोपर्यंत त्या घरात संसर्ग घेतलेल्या डासांपैकी काही डास इतरांना आजार देऊ लागलेले असतात. हेच पथक सहाव्या दिवशी पोहोचले असते तर त्या घरातले बहुतेक सर्व बाधित डास अद्याप निरुपद्रवी असताना मारले गेले असते. धूरफवारणीची यंत्रे दुप्पट करण्यापेक्षा नोंदीतील पाच दिवस वाचवणे अधिक मोलाचे आहे, हे एवढ्या साध्या मांडणीतून स्पष्ट होते. त्यासाठी खासगी प्रयोगशाळांनी अहवाल आठवड्याच्या शेवटी एकत्र पाठवण्याऐवजी त्याच दिवशी पाठवावा लागतो, आणि याचा खर्च फारच थोडा आहे.

अर्थात केवळ रुग्णाच्या घराभोवती काम करून डेंग्यू थांबत नाही, हेही हाच हिशेब सांगतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०१० मध्ये डेंग्यूचे सुमारे ३९ कोटी संसर्ग झाले आणि त्यांपैकी साधारण साडेनऊ कोटींतच लक्षणे दिसली. म्हणजे चारपैकी तीन संसर्ग आपल्या यादीत येतच नाहीत. त्यामुळे पावसाळ्याआधीच डासोत्पत्तीची ठिकाणे कमी करण्याला पर्याय नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचे आवाहनही याच गणितावर उभे आहे. उष्ण हवामानात अंड्यापासून पूर्ण वाढलेला एडिस तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. पंधरा दिवसांतून एकदा पिंप रिकामे केले तर मधल्या काळात डासांची एक पूर्ण पिढी उडून गेलेली असते. गणेशोत्सवात ठाण्यातील हजारो घरे कोकणात जाण्यासाठी आठवडाभर बंद असतात आणि घरात पाणी साठवलेले राहते. त्याच आठवड्यात दवाखान्यांतील रुग्णसंख्या कमी दिसते, कारण माणसेच शहरात नसतात. ही घट खरी मानून कर्मचारी इतरत्र हलवू नयेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

ठाणे आणि नवी मुंबई यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. एडिस डास दिवसा चावतो. ठाण्यात घोडबंदरला राहणारी व्यक्ती दिवसभर ऐरोली किंवा महापे येथील कार्यालयात असते, कळव्यातील कामगार तुर्भ्याच्या बाजार समितीत काम करतो आणि ट्रान्स हार्बर मार्गावरून अशी असंख्य माणसे रोज ये-जा करतात. आपल्याकडे येणाऱ्या यादीत मात्र सहसा घरचा पत्ता असतो. परिणामी पथक घरी जाते, तिथे अळ्या सापडत नाहीत आणि कार्यालयाच्या आवारातील कारंजे किंवा वापरात नसलेली टाकी तशीच राहते. मॉडेल घरच्या पत्त्यांवर आधारले तर दोन्ही महापालिकांचे नकाशे चुकीच्या जागी लाल दिसतील. घर आणि कामाची जागा यांना जोडून विचार करणारी मॉडेले आहेत. कोविडच्या काळात टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मुंबईसाठी केलेल्या मॉडेलमध्ये घर, कामाची जागा, वस्ती आणि लोकल प्रवास हे सगळे वेगवेगळे धरले होते. महापालिका पातळीवर एवढी मोठी यंत्रणा लागत नाही. दिवसातील बहुतांश वेळ आपण कुठे असता, हा एक प्रश्न रुग्णाला विचारून उत्तर लिहून ठेवले, तरी दोन्ही शहरांच्या आरोग्य विभागांना एकत्र बसून काम करण्यासारखे बरेच काही हाती येईल.

सगळी माणसे एकमेकांत सारख्याच प्रमाणात मिसळतात, हे गृहीतक साध्या मॉडेलांमध्ये जवळजवळ नेहमी असते, आणि त्याचा इतिहास आपल्या शेजारच्या मुंबईशी जोडलेला आहे. केर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ साली साथींच्या गणितावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात आपले गणित ताडून पाहण्यासाठी त्यांनी मुंबईतील प्लेगच्या डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक मृत्यूंचे आकडे घेतले होते. त्यांची वक्ररेषा आकड्यांशी सुरेख जुळली. पण प्लेग हा मुळात उंदरांचा आणि पिसवांचा आजार आहे, माणसांतील साथ ही उंदरांतील साथीचे प्रतिबिंब आहे आणि आपली गृहीतके तंतोतंत खरी नाहीत, हे त्या लेखकांनी स्वतःच नमूद केले होते. रेषा जुळली म्हणजे कारण सापडले असे होत नाही. हा इशारा या शाखेच्या पायाभूत निबंधातच लिहिलेला असताना तो आजही वारंवार विसरला जातो, याचे मला वाईट वाटते.

मिसळण्याबाबतचे गृहीतक किती फसवू शकते हे जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन विभागांत झालेल्या रक्तचाचणी सर्वेक्षणाने दाखवले. त्यात झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांत, तर बाहेरच्या वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, आढळली. विभाग तेच होते आणि आठवडेही तेच होते, तरी त्यांत दोन निरनिराळ्या साथी चालू होत्या. दोन्हींची सरासरी काढून बसवलेले मॉडेल कोणत्याच वस्तीला लागू पडले नसते.

गोवरात हीच चूक अधिक महागात पडते. गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात, साधारण १२ ते १८ जणांना आजारी करतो. मधला १५ हा आकडा घेऊ. दोन मात्रांनंतर सुमारे ९७ टक्के मुले सुरक्षित होतात. लसीकरण ९५ टक्के असेल तर एका रुग्णापासून होणाऱ्या नव्या रुग्णांची संख्या १.२ च्या आसपास येते, म्हणजे साथ जवळजवळ धरून ठेवली जाते. ज्या वस्तीत लसीकरण ६० टक्केच आहे तिथे हीच संख्या ६ च्या वर जाते. शहराच्या अहवालात ती वस्ती उत्तम सरासरीखाली झाकून जाते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगाव भागांत गोवर उसळला तेव्हा हेच दिसले. त्या वेळी केंद्र सरकारने प्रादुर्भावाच्या भागांत ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांना एक जादा मात्रा देण्याचा विचार करावा, आणि जिथे ९ महिन्यांखालील बालकांतील रुग्ण एकूण रुग्णांच्या १० टक्क्यांहून अधिक आहेत तिथे ६ महिन्यांपासूनच एक मात्रा द्यावी, असे कळवले. हा वयाचा निकष रुग्णांच्या वयवाटणीवरून ठरतो आणि तो लावण्यासाठी आपल्या केंद्राजवळ रुग्णांच्या वयाची वस्तीनिहाय यादी तयार असावी लागते.

आता कोविडच्या भाकितांबद्दल. काहीच उपाय केले नाहीत तर काय होईल, आणि प्रत्यक्षात काय होईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत, परिस्थिती जशी आहे तशीच राहिली तर, जानेवारी २०१५ पर्यंत नोंद न झालेले रुग्ण धरून इबोलाचे १४ लाख रुग्ण होऊ शकतील असे मांडले. पश्चिम आफ्रिकेतील संपूर्ण साथीत मिळून सुमारे २८,६०० रुग्ण नोंदवले गेले. त्यावरून ते मॉडेल खोटे ठरले असे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण तो आकडा वाचूनच मदत वाढवली जावी यासाठी तो मांडला होता आणि त्याच मांडणीत, पुरेसे रुग्ण विलगीकरणात आणले तर साथ ओसरते, हेही दाखवले होते. कोविडमध्ये अशा अटींसह मांडलेले आकडे अटी वगळून छापले गेले. त्याशिवाय लोक स्वतःहून वागणूक बदलतात, विषाणूचा नवा प्रकार येतो, तपासण्या वाढतात किंवा घटतात, आणि यांतले काहीही दोन महिने आधी ठाऊक नसते. दोन ते तीन आठवड्यांचा अंदाज खाटा आणि रक्तबिंबिकांचा (प्लेटलेट) साठा ठरवण्यासाठी वापरावा. त्यापुढची रेषा निर्णयासाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात कुठून करावी, तर एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरपासून करू नये. आपल्या केंद्राच्या हद्दीतील गेल्या तीन-चार पावसाळ्यांतील डेंग्यू व हिवतापाच्या रुग्णांची यादी घ्यावी आणि प्रत्येक नोंदीत ताप आल्याची तारीख, तपासणीची तारीख, अहवाल मिळाल्याची तारीख आणि घरभेटीची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी. केवळ नोंदणीची तारीख घेऊन काढलेला आलेख शेवटच्या आठवड्यात नेहमी खाली वाकलेला दिसतो, कारण त्या आठवड्यातील आजारी माणसांचे अहवाल अजून वाटेत असतात. हे न ओळखल्यामुळे साथ ओसरली असे जाहीर केल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. त्यानंतर खाटांचा हिशेब साध्या गुणाकाराने करावा: रोज १० रुग्ण दाखल होत असतील आणि प्रत्येक जण सरासरी ४ दिवस राहत असेल तर ४० खाटा लागतात, आणि रुग्ण दर दोन आठवड्यांनी दुप्पट होत असतील तर किती दिवसांनी ८० लागतील हे तोंडी सांगता येते.

हवामानावर आधारित पूर्वसूचनेबद्दलही आपण विचारले असते म्हणून लिहिते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील डेंग्यूमृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. २७ ते ३५ अंश तापमान, पावसाळ्यातील ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि मध्यम, हंगामभर सारखा विभागलेला पाऊस या स्थितीत धोका वाढतो, तर आठवड्यात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की अळ्या वाहून जाऊन तो घटतो, असे त्यात दिसले. दोन महिन्यांहून अधिक आधी सूचना देता येईल असा त्यांचा निष्कर्ष आहे आणि तो आशादायक आहे. मात्र ठाण्याची पावसाळी हवा पुण्याहून दमट असते आणि इथे एका आठवड्यात १५० मिलिमीटर पाऊस पडणे नित्याचे आहे. त्या मर्यादा इथे तशाच लावण्याऐवजी आपल्याच रुग्णनोंदींवर आणि स्थानिक पर्जन्यमापकाच्या आकड्यांवर त्या नव्याने तपासाव्या लागतील.

हे सगळे एप्रिलअखेर तयार असावे, कारण नालेसफाई, अळीनाशकाची खरेदी आणि हंगामी कर्मचाऱ्यांची भरती यांचे निर्णय मे महिन्यात होतात. कागदावर दोन किंवा तीनच पर्याय मांडावेत, प्रत्येकासाठी कमी, मध्यम आणि जास्त असे तीन अंदाज द्यावेत आणि कोणत्या गृहीतकाने पर्यायांचा क्रम उलटतो ते ठळकपणे लिहावे. डिसेंबरात तोच कागद काढून प्रत्यक्ष आकड्यांशी ताडावा, आणि त्या बैठकीला फवारणी पथकातील किमान एक पर्यवेक्षक उपस्थित असावा.